भोयरकाका घरातल्या घरात ऑफिसला जातात

लॉकडाउन लागून तीन दिवस झाले होते. सगळं रायपूर दारं लावून बसलं होतं, आणि आमच्या शंकर नगरच्या गल्लीतली कुत्री रस्त्याच्या मधोमध आडवी होऊन झोपायला लागली होती. त्या सकाळी सव्वादहाला आमच्या शेजारच्या भोयरकाकांनी इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं, बेडरूमला बाहेरून कुलूप घातलं, हातात जेवणाचा डबा घेतला, डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि अंगणात स्टँडवर उभ्या असलेल्या स्कूटरवर जाऊन बसले. स्कूटर सुरू केली, पण स्टँडवरून काढली नाही. दोन मिनिटं ती जागच्या जागी फटफटत राहिली. मध्येच त्यांनी ब्रेक दाबला आणि समोर बघत शांतपणे थांबून राहिले.

दोन घरांच्या मध्ये कमरेइतकी भिंत आहे. मी तिथे कपडे वाळत घालत होते. न राहवून विचारलं, "काका, थांबलात कशाला?"

"घडी चौक आला ना," ते म्हणाले. "सिग्नल लाल आहे."

त्यांच्या मनातला सिग्नल हिरवा झाल्यावर त्यांनी पुढचा प्रवास उरकला, स्कूटर बंद केली, हेल्मेट काखेत घेतलं आणि व्हरांडा ओलांडून स्वतःच्याच घराच्या पुढच्या खोलीत गेले. ते ऑफिस. संध्याकाळी साडेपाचला याच मार्गाने परत आले, बेडरूमचं कुलूप काढलं आणि मला म्हणाले, "आज लई काम होतं बाई. मान वर कराले फुरसत नाई."

"काका, तुम्हाला रिटायर होऊन अकरा वर्षं झाली."

"रिटायर झालो म्हनून काय घरी बसून राहू?"

देशातला एकूण एक माणूस घरी बसला होता, हा एकटा बसायला तयार नव्हता, आणि गंमत म्हणजे नियम एकही मोडत नव्हता.

भोयरकाका मूळचे भंडाऱ्याकडचे. नोकरी भोपाळला सुरू झाली, आणि छत्तीसगड वेगळं झालं तेव्हा कर्मचाऱ्यांची वाटणी झाली त्यात ते रायपूरच्या वाट्याला आले. नवं राज्य, नवी राजधानी. मंत्रालय एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत भरायचं. टेबलं यायची होती, कपाटं यायची होती, पण काकांचं काम पहिल्या दिवसापासून जोरात होतं, कारण भोपाळहून आलेल्या प्रत्येकाला परत जाऊन बायकापोरं आणायची होती, आणि काका होते रजेच्या टेबलावर. जन्मभर त्यांनी एकच काम केलं. दुसऱ्यांच्या सुट्ट्या लावल्या. अर्जित रजा, किरकोळ रजा, वैद्यकीय रजा, बिनपगारी रजा. कोणीही काहीही सांगितलं तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "नियमात बसते का?" बसत नसेल तर दुसरं वाक्य, "बसवू."

काकू जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा बंगलोरला असतो. तो रविवारी फोन करतो आणि हिंदीत बोलतो, काका मराठीत उत्तर देतात, आणि दोघांचं चार मिनिटांत आटोपतं. चौदा वर्षांच्या शेजारात काका आमच्याकडे चहाला तीनदा आले असतील, तेही प्रत्येक वेळी काही कामाचा कागद घेऊन. नुसतं येऊन बसणं त्यांच्या नियमात बसत नसावं.

लॉकडाउनच्या पहिल्या आठवड्यात मला वाटलं, म्हातारा बिघडला. माझ्या यजमानांनी तसं बोलूनही दाखवलं. पण काकांचं म्हणणं साफ होतं. "घरात बसलं का मानूस सडते, बाई. घर सोडाले पायजे. मंग भलेही घरातच गेलं तरी चालन. दार लावून निंगालं का शरीराले समजते, आपन कुठी तरी जाऊन राहिलो."

ऑफिसात खुर्च्या दोन होत्या. खिडकीपाशी लाकडी खुर्ची, ती बाबूची. समोर उशी ठेवलेली वेताची खुर्ची, ती साहेबाची. काका लाकडी खुर्चीत बसून प्रस्ताव लिहायचे, उठून वेताच्या खुर्चीत बसायचे आणि त्यावर शेरा मारायचे. एकदा दुपारी मी खिडकीतून बघितलं तर काका लाकडी खुर्चीत तोंड पाडून बसले होते.

"काय झालं?"

"भज्यांचा प्रस्ताव टाकला होता. साहेबानं नामंजूर केला. ॲसिडिटी म्हने."

"अहो, साहेब म्हणजे तुम्हीच ना?"

"हव," ते म्हणाले. "पन खुर्चीवर बसलं का मानूस बदलते. मी पाहिलं ना आयुष्यभर."

दोन दिवस ते साहेबाबद्दल वाईटसाईट बोलत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी तोच प्रस्ताव "पाऊस पडण्याची शक्यता लक्षात घेता" अशी सुरुवात करून पुन्हा टाकला, आणि चार भजी मंजूर झाली.

आता माझं सांगते. मी शाळेत भूगोल शिकवते. त्या दिवसांत मी लॅपटॉपच्या पडद्यावरच्या चाळीस काळ्या चौकोनांना भूगोल शिकवत होते. घरात आम्ही तिघं. यजमान दर तासाला चहा मागायचे, आणि आमची पोट्टी दहावीत. तिच्याशी मी मराठीत बोलायचे आणि ती "मम्मी, डिस्टर्ब मत करो" म्हणायची. दीड महिन्यात माझं डोकं इतकं फिरलं की एकदा मी कुकरच्या शिट्ट्यांची हजेरी घेतली. भिंतीपलीकडून काकांनी ते ऐकलं.

"बाई, तुमी सुट्टी घ्या."

"कशातून? घरातूनच तर बाहेर पडता येत नाही."

"घरातूनच घ्या ना. एक दिवसाची किरकोळ रजा. अर्ज लिवा, घरच्यायची सही घ्या. नियमात बसते."

मी हसले. त्यांनी भिंतीवरून कागद पुढे केला, आखलेला. नाव, पद, रजेचे दिवस, कारण. पद म्हणून मी "आई, बायको, शिक्षिका" लिहिलं. कारणाच्या रकान्यात लिहायला घेतलं, "वेड लागायची पाळी आली आहे." काकांनी हात धरल्यासारखं मध्येच थांबवलं.

"खरं कारन कधीच नाई लिवाचं. 'घरगुती काम' लिवा. माह्या टेबलावर सगळे तेच लिवत. मीबी काही विचारत नव्हतो. खरं कारन लिवलं का मंजूर करनाऱ्याच्या जिवाले लागते."

आमच्या घरात त्या अर्जावर रीतसर चर्चा झाली. यजमानांनी सही केली. पोट्टीने दोन अटी घालून सही केली. दुसऱ्या दिवशी मी सतरंजी आणि पाण्याची बाटली घेऊन गच्चीवर गेले आणि संध्याकाळपर्यंत खाली आले नाही. खाली कोणीतरी "आई कुठे आहे" विचारलं की पोट्टी ओरडून सांगायची, "मम्मी आज छुट्टी पे है." मी दिवसभर काहीच केलं नाही. ढग मोजले. एक झोप काढली. इतकं बरं मला त्या सबंध उन्हाळ्यात वाटलं नव्हतं, हे मान्य करायला हवं. त्यानंतर आमच्या गल्लीतल्या चार बायकांनी काकांकडून आखलेले कागद नेले.

पुढे पावसाळ्यात काकांनाच ताप आला. तपासणी झाली, पॉझिटिव्ह निघाले. त्रास फारसा नव्हता, म्हणून घरीच वेगळं राहायचं ठरलं. गेटवर लाल स्टिकर लागलं. फॉर्ममध्ये देखभाल करणाऱ्या व्यक्तीचं नाव हवं होतं. त्यांनी माझं नाव आणि नंबर लिहिला आणि नात्याच्या रकान्यापाशी अडले. नातं तर काहीच नव्हतं, आणि खोटं त्यांना लिहायचं नव्हतं. बराच विचार करून त्यांनी लिहिलं, "पश्चिम दिशा की पड़ोसी."

जेवण आम्ही मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा तोडायच्या बांबूला डबा अडकवून भिंतीवरून द्यायचो. ऑफिस बंद होतं. त्यांनी मेडिकल टाकली होती, आणि साहेबाने ती पहिल्यांदाच एका झटक्यात मंजूर केली होती.

रोज सकाळी दहाला कंट्रोल रूममधून त्यांना फोन यायचा. घरी विलगीकरणात असलेल्या सगळ्यांनाच यायचा. काका व्हरांड्यात बसून स्पीकरवर बोलायचे, त्यामुळे पश्चिम दिशेला सगळं ऐकू यायचं. फोनवर ज्योती नावाची मुलगी असायची, नर्सिंग शिकणारी, कांकेरकडची. ताप किती, ऑक्सिजन किती, खोकला आहे का, एवढेच तिचे प्रश्न. पहिल्या दिवशी काकांनी सगळी उत्तरं दिली आणि विचारलं, "तुमने खाना खाया?"

ती म्हणाली, "अभी नहीं काका. सुबह से लाइन पर हैं."

"कायको नहीं खाया? ड्यूटी के पहले खाना नियम में है."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी कळलं की हॉस्टेलात ती आणि अजून पाच-सहा पोरी अडकल्यात, चार महिन्यांत घरी गेल्या नाहीत, आणि मेसची भाजी रोज एकच असते. काकांनी तिला समजावलं की ड्यूटी संपवून थेट खोलीत जायचं नाही, इमारतीला दोन चकरा मारायच्या आणि मगच घरी आलो असं समजायचं. चौथ्या दिवशी तिने सांगितलं, "काका, दो चक्कर मारे. चार लड़कियाँ और आईं." काकांचा ऑक्सिजन त्या दिवशी दोनने वाढला, असं ते मला म्हणाले. खरं-खोटं देव जाणे.

सतरा दिवसांनी विलगीकरण संपणार होतं. पंधराव्या दिवशी काकांनी बांबूला चिमट्याने एक कागद लावून माझ्याकडे पाठवला. त्याचा फोटो काढून मी आरोग्य खात्याच्या नंबरवर पाठवायचा होता. विषय लिहिला होता, "होम आइसोलेशन की अवधि में वृद्धि किए जाने बाबत." सगळं जग ज्यातून सुटायला धडपडत होतं, त्याची या माणसाला मुदतवाढ पाहिजे होती. मुदत संपायच्या आत अर्ज केला म्हणजे नियमात बसतो, असंही खाली लिहिलं होतं. मी हसत हसत कारणाच्या रकान्यापाशी आले. तिथे एकच शब्द होता. "फोन."

खरं कारण कधी न लिहिणाऱ्या या माणसाने या वेळी ते लिहिलंय, हे तेव्हा माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही. मी घरात दोघांना तो कागद दाखवला, आम्ही पोट धरून हसलो, आणि मी तो टेबलाच्या खणात टाकला. काकांना सांगितलं, पाठवला.

अठराव्या दिवशी गेटवरचं स्टिकर निघालं. दहाला काका व्हरांड्यात फोन समोर ठेवून बसले. फोन आला नाही. एकोणिसाव्या दिवशीही आला नाही. "कार्यवाही चालू असन," ते म्हणाले. ज्योतीचा स्वतःचा नंबर त्यांनी कधी मागितला नव्हता. सरकारी कामावरच्या मुलीचा खासगी नंबर मागणं त्यांना बरं दिसलं नव्हतं. विसाव्या दिवशी त्यांनी काढून ठेवलेल्या स्टिकरवरचा हेल्पलाइनचा नंबर शोधला आणि स्वतःच फोन लावला. अर्जाचं उत्तर आलं नाही तर स्मरण द्यायचं असतं, म्हणाले.

तिकडे कोणीही उचलायचं. कधी ज्योती, कधी प्रीती, कधी सरिता. काका नाव सांगायचे, ऑक्सिजन सत्त्याण्णव सांगायचे, आणि विचारायचे, "खाना खाया?" घड्याळ समोर ठेवून बोलायचे. दोन मिनिटं झाली की फोन बंद. मग हेल्मेट घालून ऑफिसला. असं तीन आठवडे चाललं.

आणि मग मी भडकले. त्या दिवशी माझ्या शाळेतल्या एका सहकारी बाईंच्या वडिलांना बेड मिळत नव्हता. आम्ही सकाळपासून जिथे-तिथे फोन लावत होतो आणि सगळीकडे लाइन व्यस्त. भिंतीपलीकडून ऐकू आलं, "सत्त्याण्णव. खाना खाया?" मी तिथूनच बोलले, मोठ्याने बोलले. म्हटलं, "काका, लोक मरायला टेकलेत आणि तुम्ही टाइमपाससाठी लाइन अडवून ठेवता? तुमचं वय काय, तुम्ही करता काय?"

काकांनी फोन बंद केला. "दोनच मिनिटं लागतेत बाई," एवढंच म्हणाले, आणि आत गेले. बेड संध्याकाळी मिळाला. माझा राग काही उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला माझा वर्ग सुरू होता. अक्षांश-रेखांश चालले होते. अनोळखी नंबरवरून फोन आला.

"दीदी, आप भोयर काका की पश्चिम दिशा की पड़ोसी बोल रही हैं?"

मी समजले. तक्रार आली. मी घाईघाईने माफी मागायला लागले. बुजुर्ग हैं, अकेले रहते हैं, मैंने समझा दिया है, अब नहीं करेंगे, असं सगळं एका दमात बोलून टाकलं.

"नहीं दीदी," ती मुलगी म्हणाली, "आज उनका फोन नहीं आया. साढ़े दस हो गए. वो ठीक तो हैं?"

ती पुढे म्हणाली, "दस बजे हम लोग एक लाइन खाली रखते हैं उनके लिए. दो ही मिनट लेते हैं. दूसरा कोई हमसे पूछता नहीं ना. सब डाँटते हैं."

चाळीस काळे चौकोन तसेच टाकून मी फोन कानाला लावून बाहेर पळाले. गेटने जायला वेळ लागला असता. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी साडी खोचून मी ती भिंत ओलांडली.

काका व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. कपडे इस्त्रीचे, केस विंचरलेले. फोन समोर स्टुलावर, बंद करून ठेवलेला. सव्वादहा होऊन गेले होते आणि ते ऑफिसलाही निघाले नव्हते.

"काका, बरं आहे ना?"

"बरा आहे," ते म्हणाले. "तुमचं बरोबर होतं बाई. मी रात्री पुस्तक काढून पाहिलं. नाई बसत नियमात."

चौदा वर्षांत या माणसाने "बसवू" न म्हणता हे वाक्य सोडलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मी म्हटलं, "काका, माझं चुकलं. आणि तुमचा तो मुदतवाढीचा अर्ज मी पाठवलाच नव्हता. खणात पडून आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. "असू द्या," म्हणाले. "मंजूर होनार नोयताच. कारन खरं लिवलं होतं ना."

मी फोन पुढे धरला. "कंट्रोल रूम आहे. त्या तुमची वाट बघून राहिल्यात."

त्यांनी फोन लगेच घेतला नाही. उभे राहिले, शर्ट नीट खोचला, आणि मग दोन्ही हातांनी घेतला. मी स्पीकर लावून दिला. पलीकडून चार-पाच आवाज एकदम आले, काका नमस्ते, काका कहाँ थे. घड्याळ आत राहिलं होतं, ते आणायचंही काकांना सुचलं नाही. ते म्हणाले, "सत्त्याण्णव." आज मोजला होता की नव्हता, कोण जाणे. मग एकेकीला विचारायला लागले. एकीने तांदळाचा चिला खाल्ला होता, एकीने बिस्किटं, एकीने काहीच नाही, तिला ओरडून झालं. आणि मग ज्योतीने विचारलं, "और काका, आपने?"

काकांनी माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "नाई बेटा," म्हणाले. "कल दोपहर से कुछ बनाया नहीं."

बरे झाल्यापासून त्यांचा डबा आम्ही बंद केला होता. त्यांचा साहेब मला माहीत होता, त्यांचा घडी चौकातला सिग्नल माहीत होता, त्यांच्यावर आमच्या घरात किती हसलो त्याला गणती नव्हती. भिंतीपलीकडे हा माणूस काल दुपारपासून उपाशी आहे, हे मला कांकेरच्या पोरीने विचारलं तेव्हा कळलं. मला स्वतःची लाज वाटली.

फोन त्यांच्याकडेच सोडून मी घरी आले. पोट्टीने विचारलं, "मम्मी, क्लास?" घरात आम्ही तिघं. मी चौघांचे पोहे भिजवले.